बुडण्याचा क्रमांक आठवा

बंगळुरात हिवाळा असतो यावर माझा विश्वास नव्हता. साताऱ्याच्या माणसाला सोळा अंश म्हणजे पंखा एकवर ठेवायचं हवामान. पण येलहंक्यातल्या आमच्या छोट्याशा लेआउटमध्ये (इथे कॉलनीला लेआउट म्हणतात) डिसेंबर लागला की धडधाकट माणसं कानटोपी घालून कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला येतात. असोसिएशनचे अध्यक्ष मल्हारराव तर फोनवर बोलतानासुद्धा कानावरची लोकर बाजूला करत नाहीत. समोरचा काय म्हणतो ते त्यांना अजिबात ऐकू येत नाही, पण अध्यक्षाला त्याची तशी गरजही नसते.

अशा कडाक्याच्या थंडीत लेआउटने ‘हिवाळी करमणूक व तलाव सुरक्षा कार्यक्रम’ करावा असं सभेत ठरलं, आणि तो मी करावा असंही ठरलं. मी पाणी प्यायला उठलो होतो तेवढ्यात हे दोन्ही ठराव एकमताने मंजूर झाले. परत येऊन खुर्चीवर बसलो तेव्हा माझ्यासाठी टाळ्या चालू होत्या, आणि मी खुळ्यासारखा हात जोडून मोकळा झालो.

या सगळ्याच्या मुळाशी एक पॉमेरेनियन होता. आमच्या लेआउटच्या मागे तळं आहे आणि तळ्याच्या बांधावर जायला आमच्याच भिंतीत एक लोखंडी फाटक आहे. एका रविवारी हा कुत्रा त्या फाटकातून सुटला, पाणकोंबडीच्या मागे धावला आणि तळ्यात पडला. तो आपला आपण पोहून बाहेर आला, अंग झटकलं आणि घरी गेला. पण तो बाहेर यायच्या आधी त्याचा व्हिडिओ बाहेर आला होता. तिसऱ्या दिवशी तलावाच्या ऑफिसातून नंजुंडप्पा साहेब हजर. कन्नड, हिंदी आणि इंग्रजी एकत्र कालवून त्यांनी जे सांगितलं त्याचा अर्थ असा, की संक्रांतीच्या आत सुरक्षेचा आराखडा द्या, जनजागृतीचा कार्यक्रम करून दाखवा, नाहीतर फाटकाला कायमचं कुलूप.

लेआउटमधल्या बाकीच्यांना या कुलपाचं काही सुखदुःख नव्हतं. ते सकाळी गाडीत बसून दोन तास लांबच्या जिममध्ये चालायला जातात. मला मात्र होतं, आणि ते आईमुळे.

बाबा गेल्यावर आई दोन वर्षं साताऱ्यात एकटी राहिली. मग एकदा न्हाणीघरात पडली आणि दूधवाला येईपर्यंत तशीच पडून होती. मी जाऊन तिला घेऊन आलो. इथे आल्यावर ती गॅलरीत बसून पाण्याच्या टँकरकडे बघायची. इतकं बघायची, की टँकरवाला तिला नमस्कार करायला लागला होता. आणि एक दिवस तिला ते फाटक सापडलं. फाटकापलीकडे बांधावर एक सिमेंटचा बाक, बाकावर शिवलीला अक्का आणि त्यांच्या दोन मैत्रिणी. आईला कन्नड येत नाही, त्यांना मराठी येत नाही. शिवलीला अक्का म्हणायच्या, “बन्नी, कूतकोळ्ळी,” म्हणजे या, बसा. आई म्हणायची, “हो ना, मेथी फार महाग झालीय.” आणि दोघी समाधानाने माना डोलवायच्या. हिवाळ्यात त्या अवरेकाई सोलत बसत. अवरेकाई म्हणजे आपले पावटेच, पण इथे त्यांची जत्रा भरते. दाणे भिजवून एकेकाचं साल बोटांनी चिमटून काढायचं, हे काम असं आहे की ते संपतही नाही आणि कोणाला संपावं असं वाटतही नाही. आई संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या बोटांना त्या शेंगांचा वास असायचा आणि ती जेवताना बोलायची.

कुलपाची बातमी ऐकून ती एवढंच म्हणाली, “फाटक बंद झालं तर मी जाते बाबा साताऱ्याला. भिंती काय, तिथेही आहेत.”

माझी आई धमक्या देत नाही, आगाऊ कळवते. आणि मला ती इथे हवी होती. रात्री दूधवाल्याची वाट बघत फरशीवर पडलेली आई डोळ्यांसमोर यायची आणि मी उठून तिच्या खोलीत डोकावून यायचो. ही गोष्ट मी सभेत बोललो नाही. सभेत मी ‘सामाजिक बांधिलकी’ असा शब्द वापरला.

आता माझ्या व्यवसायाबद्दल सांगायला हवं. मी एका मोठ्या कंपनीत प्रोसेस लिहितो. म्हणजे इतर लोकांनी काम कसं करावं हे मी लिहितो आणि मग ते लोक ते न वाचता काम करतात. ही व्यवस्था सोळा वर्षं उत्तम चालली आहे. त्यामुळे तळ्याचा आराखडा मी असा काही लिहिला, की बायको शुभदा म्हणाली, “अरे, एवढ्यात आपण धरण बांधलं असतं.” आराखडा इंग्रजीत होता, कारण सरकार घाबरतं ते इंग्रजीला. त्यात धोक्यांचं वर्गीकरण होतं, दिशादर्शक बाण होते, टेहळणीचा मनोरा होता आणि एक कलम होतं ज्याचा मला विशेष अभिमान होता: सुरक्षाप्रमुखाने शिट्टी वाजवल्याशिवाय कोणीही बचावकार्य सुरू करू नये. उत्साही माणसं भराभर पाण्यात उड्या मारून गर्दी करतात आणि एकाचे चार बुडतात, हे मी कुठेतरी वाचलं होतं. सुरक्षाप्रमुख अर्थात मी.

मला पोहता येत नाही. पण मला कोडिंगही येत नव्हतं आणि त्याच्याही प्रोसेस मी लिहिल्याच होत्या.

मग परवानग्या. हे तळं कोणाचं, असा साधा प्रश्न घेऊन मी निघालो. पाणी एका खात्याचं होतं, मासे दुसऱ्या खात्याचे, बांध तिसऱ्या खात्याचा. बदकांची जबाबदारी कोणीच घ्यायला तयार नव्हतं. पाण्याच्या खात्याने सांगितलं, मासेवाल्यांचं पत्र आणा. माशांच्या खात्यातल्या बाईंनी विचारलं, लाउडस्पीकर लावणार का, आणि लावणार असाल तर माशांवर त्याचा काय परिणाम होईल. मी म्हणालो, आमच्या कार्यक्रमात भाषणं आहेत, मासे स्वतःहून खोल जातील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं.

घरी शेजाऱ्यांचा सल्ला फुकट आणि मुबलक मिळत होता. मल्हाररावांचे पूर्वज शहाजीराजांच्या काळी बंगळुरात आले. मी नोकरीसाठी आलो. त्यामुळे या गावाच्या बाबतीत ते मला चारशे वर्षांनी सीनियर आहेत आणि तसंच वागवतात.

“अण्णा,” ते म्हणाले, “लाइफ जॅकेटचं टेन्शन बिडी, सोडून द्या! आमचा पुतण्या आहे नव्हे पीण्या इंडस्ट्रियल एरियात, त्याचा शेड आहे. फ्रिजच्या पॅकिंगचा फोम करतो. मस्त तरंगतंय!”

“फ्रिजसाठी की माणसासाठी?”

“स्वल्प अ‍ॅडजस्ट करायचं की. माणूस फ्रिजपेक्षा हलका ना?”

मी ऑर्डर देऊन टाकली. पीण्यातून भगव्या रंगाची जॅकेटं आली. ती इतकी जाड होती, की घातल्यावर दोन्ही हात आपोआप बाजूला उभे राहायचे. आईने एक घालून पाहिलं आणि थंडीला बरं आहे म्हणून काढायला नकार दिला.

सांस्कृतिक विभाग आसावरी वहिनींकडे होता. त्या मूळच्या पुण्याच्या, आणि कार्यक्रमपत्रिकेशिवाय त्या वाढदिवसाचा केकसुद्धा कापू देत नाहीत. त्यांनी लगेच पत्रिका तयार केली. ईशस्तवन, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, मनोगत, शेकोटीगीत, त्यानंतर आठव्या क्रमांकावर ‘बुडणाऱ्यास वाचवणे (प्रात्यक्षिक)’ आणि शेवटी आभार.

“वहिनी,” मी म्हणालो, “प्रात्यक्षिक जरा आधी घेऊ या का? कार्यक्रम त्यासाठीच आहे.”

“इश्श, पाहुण्यांच्या सत्काराआधी कोणी बुडतं का?”

शेकोटीला आगीची परवानगी मिळाली नाही. म्हणून मंडपवाल्याने लाकडांच्या मोळीत लाल बल्ब ठेवून वर जिलेटिनचा कागद लावला आणि खाली टेबलफॅन. कागद फडफडायचा. माणसं त्या पंख्याच्या वाऱ्यात हात शेकत उभी राहायची आणि खरोखर गारठायची.

बुडायला कोण, हा प्रश्न राहिला. एचएसआर लेआउटमधल्या कुठल्याशा स्टार्टअपमध्ये काम करणारा आमचा शेजारी शंतनु आधी हो म्हणाला. मग म्हणाला, “सर, मी बुडलो असतो, पण त्याच वेळी क्लायंटचा कॉल आहे.” दुसऱ्या कोणाच्याही घरचे तयार होईनात. शेवटी मीच तयार झालो. बांधाच्या कडेला, पायऱ्यांवर, गुडघाभर पाण्यात उभं राहून हात हलवायचे, एवढंच. आराखड्यात मी लिहिलंच होतं, की बुडणाऱ्याने ‘वाचवा’ असं तीन वेळा स्पष्ट ओरडावं.

रविवारी सगळा लेआउट स्वेटर घालून बांधावर जमला. मंच तळ्याकडे पाठ करून उभारला होता, फोटोत पाणी यावं म्हणून. मागे भलामोठा बॅनर: ‘सुरक्षित तलाव, सुखी हिवाळा’. पुढच्या रांगेत आई, शिवलीला अक्का आणि त्यांच्या दोन मैत्रिणी, चौघी भगव्या जॅकेटांत. मांडीवर अवरेकाईची परडी. मी सुरक्षाप्रमुख म्हणून गळ्यात शिट्टी आणि अंगात जॅकेट घालून मंचावर. बाजूला मल्हारराव दोर घेऊन सज्ज. कानावर लोकर.

ईशस्तवन झालं. वाऱ्याने समई चारदा विझली आणि पाचव्यांदा नंजुंडप्पा साहेबांनी ती मनातल्या मनात पेटवली. तिसऱ्या क्रमांकावर परिचय सुरू झाला. आसावरी वहिनी साहेबांच्या शालेय जीवनापासून सुरुवात करत होत्या. पुढच्या क्रमांकाची तयारी म्हणून मी शाल हातात घेऊन साहेबांच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो. फोटोग्राफर म्हणाला, “सार, स्वल्प हिंदे.” मी जरा मागे सरलो. तो म्हणाला, “इन्नू स्वल्प.” मी आणखी जरा मागे सरलो. माझ्या मागे बॅनरची चौकट होती आणि चौकटीच्या खालच्या अंगाला बॅनर बांधायचा राहिला होता.

मी तळ्यात पडलो.

साध्या कालव्याचीही मला भीती वाटते, तर हे तळं. पाणी गार होतं, वर जलपर्णीची गोधडी होती आणि पीण्याच्या जॅकेटने दिलेला शब्द पाळला. ते तरंगलं. फक्त मला बरोबर न घेता. ते गळ्याशी येऊन थांबलं आणि मला समोरचं दिसेनासं झालं. पाय खाली टेकले म्हणून हायसं वाटलं, तोच ते गाळात मांडीपर्यंत गेले. हलावं तर आणखी खाली.

“वाचवा!” मी ओरडलो.

वरून टाळ्या पडल्या.

“रविकिरण भाऊजी,” आसावरी वहिनींचा माइकवरचा आवाज आला, गोड पण ठाम, “आपला क्रमांक आठवा आहे. कृपया बाहेर यावे. साहेबांची पदवी अजून व्हायची आहे.”

“वाचवा! वाचवा!”

“बघा, तीन वेळा. अगदी लिहिल्याप्रमाणे,” कोणीतरी कौतुकाने म्हणालं.

जॅकेटच्या फटीतून मला मल्हारराव दिसले. ते दोर घेऊन अगदी काठाशी उभे होते आणि माझ्याकडे प्रेमाने बघत होते. “दोर टाका!” मी बोंबललो. त्यांनी कानावरची लोकर बाजूला केली. चारशे वर्षांत प्रथमच.

“शिट्टी, अण्णा, शिट्टी!” ते म्हणाले. “तुमचाच रूल ना? शिट्टीशिवाय टाकलं तर साहेब काय म्हणतील?”

शिट्टी माझ्याच गळ्यात, जॅकेटच्या खाली, पाण्यात होती. ती चाचपून मी तोंडात धरली आणि फुंकली. त्यातून जलपर्णीचं एक पान बाहेर आलं. त्या क्षणी मला माझ्या सोळा वर्षांच्या नोकरीबद्दल जे वाटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मला वाचवलं ते आराखडा न वाचलेल्या माणसांनी. तो इंग्रजीत होता आणि पुढच्या रांगेतल्या चौघींना इंग्रजी येत नव्हतं. आईने परडी खाली आपटली आणि ओरडली, “अगं, हा खरंच बुडतोय! याला नाटक कुठे येतं?” हे मराठी वाक्य शिवलीला अक्कांना कसं समजलं देव जाणे. चौघी उठल्या, मंचाच्या मागे आल्या, बॅनरच्या दोऱ्या सोडल्या आणि ‘सुखी हिवाळा’ हे टोक माझ्याकडे भिरकावलं. “हिडको, मगा, हिडको!” अक्का ओरडत होत्या. धर बाळा, धर. मी धरलं. चार भगव्या जॅकेटांनी मला गाळातून ओढून पायऱ्यांवर आणलं. माझी एक चप्पल आणि सगळी प्रतिष्ठा तळ्यातच राहिली. शाल मात्र माझ्या हातात होती. नंजुंडप्पा साहेबांनी उठून ती माझ्याच खांद्यावर घातली आणि फोटोग्राफरने तेवढा फोटो बरोबर काढला.

साहेब भारावले होते. “फँटास्टिक, सार! इतना रियल डेमो मैं ने देखा नहीं.” त्यांनी तिथेच आराखडा मंजूर केला. आसावरी वहिनींनी परिचय पदवीपासून पुढे चालू केला. आठव्या क्रमांकाला माझं नाव पुन्हा पुकारलं गेलं, पण मी घरी बादलीत पाय घालून बसलो होतो.

आठवडाभर मी लेआउटचा हिरो होतो. मग सोमवारी फाटकाला कुलूप लागलं.

मी धावत नंजुंडप्पा साहेबांकडे गेलो. “साहेब, आराखडा तर मंजूर झाला!”

“म्हणून तर, सार,” ते म्हणाले आणि माझंच इंग्रजी मला वाचून दाखवलं. सर्व उपाययोजना पूर्ण होईपर्यंत बांधावर प्रवेश बंद राहील. हे मीच लिहिलं होतं. असं वाक्य मी प्रत्येक प्रोसेसमध्ये लिहितो, दिसायला भारदस्त असतं. कोणी पाळेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं. “टेहळणीचा मनोरा आपणच मागितलात. टेंडर निघेल. दोन वर्षं, तीन वर्षं.” त्यांनी ड्रॉवरमधून किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. “रूलप्रमाणे ही सुरक्षाप्रमुखाकडे.”

अशा रीतीने आईचं फाटक मी बंद केलं. कुत्र्याला जे जमलं नव्हतं ते मी सविस्तर, परिशिष्टांसह करून दाखवलं.

जेवताना आईने भाजीचं भांडं पुढे सरकवलं आणि शुभदाला म्हणाली, “शनिवारचं तिकीट मिळतंय का बघ गं. खिडकीचं.” शुभदाने माझ्याकडे पाहिलं. ती एरवी अशा वेळी काहीतरी टोचून बोलते. या वेळी तिने सरळ फोन काढून तिकिटं बघायला घेतली, तेव्हा मला खरी भीती वाटली.

“आई, गाडीने सोडतो ना मी रोज, मेन रोडने वळसा घालून,” मी म्हणालो.

“तुझ्या ऑफिसच्या वेळात? राहू दे. तुझी प्रोसेस मोडेल.”

मंगळवारी संध्याकाळी घरून काम करत होतो. खिडकीतून पाहिलं तर आई फाटकाशी उभी होती, गजांना धरून. पलीकडे बाकावरून उठून शिवलीला अक्का आल्या होत्या. त्या बांधाच्या पलीकडच्या गल्लीत राहतात आणि त्या बाजूला भिंतच नाही, म्हणजे प्रवेश बंद फक्त आमच्यासाठी होता. गजांतून त्या मूठमूठ अवरेकाई आईच्या पदरात टाकत होत्या, म्हणजे आईने इकडे सोलावी आणि त्यांनी तिकडे. दोघी कुलपाच्या दोन बाजूंना उभ्या राहून सोलत होत्या. आईला फार वेळ उभं राहवत नाही. ती एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार देत होती.

माझा कॉल चालू होता. कोणीतरी मला एका कलमाबद्दल विचारत होतं. मी म्हणालो, “ते कलम काढून टाका,” आणि लॅपटॉप मिटला. सोळा वर्षांत मी कधीच काही काढून टाकलं नव्हतं.

मी खाली गेलो आणि कुलूप काढलं. वॉचमन धावत आला. “सार, ऑर्डर आहे! कोणाला सोडायचं नाही!”

“ही पाहणी समिती आहे,” मी म्हणालो. आयुष्यात प्रथमच मी लिहून न काढलेलं वाक्य इतक्या अधिकाराने बोललो. “तळ्याची रोज पाहणी करावी लागते.”

“कमिटी मेंबर कोण, सार?”

“या दोघी. आणि त्या बाकावरच्या दोघी.”

“काय पाहणार?”

“पाणी जागेवर आहे का ते.”

वॉचमनने विचार केला, त्याला ते सरकारी वाटलं, आणि त्याने सलाम ठोकला. आई फाटकातून पलीकडे गेली. मीही मागोमाग एक पाऊल टाकलं. म्हटलं, आपणही जरा बसू, दोन दाणे सोलू, झाल्या गोष्टीबद्दल दोन शब्द बोलू. तिने वळून माझ्या छातीवर हात ठेवला आणि मला मागे सारलं.

“तू बाहेरच थांब. तुला पोहता येत नाही.”

“आई, पण मी सुरक्षाप्रमुख—”

“म्हणूनच म्हणते.” ती बाकाकडे निघाली. दोन पावलं गेल्यावर थांबली आणि मागे न बघता म्हणाली, “आणि उद्याही पाचलाच उघडत जा. रोज रोज सांगायला लावू नकोस.”

मी फाटक अलीकडून लोटून घेतलं आणि तिथेच उभा राहिलो. शुभदाला फोन करून तिकिटाचं राहू दे म्हणून सांगितलं. पलीकडे शिवलीला अक्का कन्नडमध्ये काहीतरी विचारत होत्या आणि आई त्यांना मेथीचा भाव सांगत होती.